भूगोलात शोध कोण लावतं?

अक्षांश_अठरा (धागाकर्ता)

भाचा यंदा दहावीला. परवा भूगोलाचा पेपर होता, म्हणून आदल्या दिवशी बहिणीकडून बोलावणं आलं. सगळ्या खानदानात एम. ए. भूगोल मी एकटाच. (नोकरी बँकेत. असो.) भारत आणि ब्राझील, ब्राझील आणि भारत असं तासभर चाललं होतं. पोरानं मधेच पुस्तक मिटून विचारलं, "मामा, फिजिक्सला न्यूटन आहे, केमिस्ट्रीला मेंडेलिव्ह आहे. भूगोलाला कोण? यात शोध कोण लावतं?"

मी म्हटलं, "कोलंबस, वास्को द गामा..."

"ते खलाशी होते."

यावर काय बोलणार? चहा प्यायलो आणि परत ब्राझीलकडे वळलो. पण बसमध्ये डोक्यात तेच. एम. ए.ला भौगोलिक विचारांच्या विकासावर एक पेपर असतो, बहुतेक जण तो गाईडवर काढतात, मीही काढला. आता वीस वर्षांनी त्याची वही माळ्यावरून खाली आणली.

गंमत म्हणजे न्यूटनपासूनच सुरुवात करता येते. १६७२ मध्ये त्याने केंब्रिजला एका भूगोलाच्या पुस्तकाची सुधारित आवृत्ती काढली. पुस्तक बर्नहार्ड व्हॅरेनियसचं, मूळ १६५० चं. व्हॅरेनियस जर्मन, राहायला ॲमस्टरडॅमला, आणि पुस्तक आलं त्याच वर्षी, अठ्ठाविसाव्या वर्षी वारला. ॲमस्टरडॅम म्हणजे तेव्हा जगभरच्या जहाजांचा अड्डा. व्यापाऱ्यांना देशोदेशीची माहिती हवी असायची: तिथे काय पिकतं, राजा कोण, धर्म कुठला. तशी माहिती व्हॅरेनियसने जपान आणि सयामबद्दल लिहिलीसुद्धा. पण नुसत्या अशा याद्यांना शास्त्र म्हणणं त्याला पटेना. म्हणून त्याने भूगोलाच्या दोन वाटण्या केल्या. एक 'विशेष': अमुक देश, तमुक प्रांत. दुसरी 'सामान्य': भरती-ओहोटी, वारे, पर्वत, म्हणजे कुठेही गेलात तरी त्याच नियमांनी चालणाऱ्या गोष्टी. ती भिंत आजवर कुणाला पाडता आलेली नाही. मी शिकलो त्या विभागात एका खोलीत नदीची वाळू चाळणारे आणि शेजारच्या खोलीत झोपडपट्टीचा सर्व्हे करणारे होते. चहाला एकत्र, बाकी सगळं वेगळं.

मग जर्मनीतली जोडगोळी, हम्बोल्ट आणि रिटर. हम्बोल्ट १७९९ ते १८०४ अमेरिका खंडात हिंडला, चिंबोराझो डोंगरावर जवळजवळ ५,८०० मीटरपर्यंत चढला, आणि पायथ्यापासून बर्फापर्यंत कुठल्या उंचीवर कुठली झाडं हे एकाच उभ्या छेदात काढून दाखवलं. १८१७ मध्ये त्याने समताप रेषा (सारख्या तापमानाची ठिकाणं जोडणाऱ्या) आखल्या. भाच्याच्या नकाशात ज्या वाकड्यातिकड्या रेषा असतात ना, त्या. शोध म्हणायचा तर हाच की! पण हे मला बसमध्ये आठवलं.

रिटर उलट प्रकृतीचा. बैठा माणूस, जन्माचा शिक्षक. १८२० मध्ये बर्लिन विद्यापीठात त्याची भूगोलासाठी नेमणूक झाली. त्याच्या ग्रंथाचे १९ खंड झाले, तरी आफ्रिका आणि आशियातच तो अडकला, युरोप लिहायचा राहूनच गेला. दोन प्रदेश शेजारी ठेवून तुलना करायची, ही त्याची पद्धत. (भारत-ब्राझील आठवलं का?) दोघंही १८५९ मध्ये गेले, एक मे महिन्यात, दुसरा सप्टेंबरात. एवढी दोन माणसं होऊन गेली, पण त्यांची गादी चालवायला लगेच कुणी पुढे आलं नाही. विद्यापीठातला भूगोल तिथेच थंडावला.

आता माझा मुद्दा. १८६६ मध्ये प्रशियाने (जर्मनीतलं सर्वांत मोठं राज्य) ऑस्ट्रियाला हरवलं, तेव्हा ऑस्कर पेशेल नावाच्या संपादकाने लिहिलं की ही लढाई प्रशियाच्या शाळामास्तराने जिंकली. पाच वर्षांनी हाच पेशेल लाइपझिगला भूगोलाचा प्राध्यापक झाला. मधल्या काळात प्रशियाकडून फ्रान्सही हरला होता. १८७४ मध्ये प्रशिया सरकारने ठरवलं, आपल्या सगळ्या विद्यापीठांत भूगोलाचं अध्यासन हवं. का? तर शाळांना भूगोलाचे मास्तर हवेत. पण प्राध्यापक आणायचे कुठून? विषयात शिकलेलं कुणी नव्हतंच! पेशेल आला होता वर्तमानपत्रातून, तसेच मग रिख्टहोफेन भूविज्ञानातून, रॅटझेल प्राणिशास्त्रातून. तिकडे हरलेल्या फ्रान्समध्येही तीच धावपळ. नव्या सरहद्दीजवळच्या नान्सी गावात १८७२ पासून व्हिडाल द ला ब्लाश भूगोल शिकवू लागला. तो मुळात इतिहासाचा माणूस. फ्रान्सच्या शाळांत आजही इतिहास आणि भूगोल एकच शिक्षक शिकवतो. इंग्लंडला जाग आली सर्वांत उशिरा. १८८५ मध्ये रॉयल जिऑग्राफिकल सोसायटीसाठी केल्टीने शाळांमधल्या भूगोलाची पाहणी केली, चित्र लाजिरवाणं निघालं, आणि १८८७ मध्ये ऑक्सफर्डला भूगोल शिकवायला मॅकिंडरची नेमणूक झाली.

बाकीचे विषय विद्यापीठातून झिरपत शाळेत आले. आमचा विषय आधी शाळेत होता, त्याला मास्तर पुरवायला विद्यापीठात विभाग उघडले, आणि विभाग उघडल्यावर आतली मंडळी विचारू लागली की आपण नेमकं काय शिकवतो. तो गोंधळ अजून मिटलेला नाही. पटतंय का? आणि भाच्याला काय सांगू?

---

मुळाक्षर

थेट १६५० पासून? इरॅटोस्थेनिस रागावेल. तुमच्या विषयाचं ग्रीक नाव त्यानेच रूढ केलं. इसवी सनापूर्वी तिसऱ्या शतकात अलेक्झांड्रियाच्या ग्रंथालयाचा प्रमुख. उन्हाळ्यातल्या सर्वांत मोठ्या दिवशी दुपारी सायीनला, म्हणजे आजच्या आस्वानला, सूर्य डोक्यावर येतो आणि विहिरीच्या तळाशी ऊन पोचतं. त्याच वेळी अलेक्झांड्रियात सावली पडते, वर्तुळाच्या पन्नासाव्या भागाइतका कोन करून. दोन गावांतलं अंतर ५,००० स्टेडिया (ग्रीकांचं अंतराचं माप), गुणिले पन्नास, की पृथ्वीचा घेर अडीच लाख स्टेडिया. घ्या शोध! भाच्याला हाच सांगा, दोन मार्कांचा प्रश्नही येऊ शकतो.

आणि टॉलेमी, तोही अलेक्झांड्रियाचाच. सुमारे ८,००० ठिकाणांचे अक्षांश-रेखांश एका ग्रंथात. फक्त त्याने पृथ्वी लहान धरली आणि आशिया पूर्वेकडे ताणला. कोलंबसाचा हिशेब ज्या चुकांवर उभा होता, त्यात टॉलेमीचा मोठा वाटा.

---

वाचनवेल

वाचतेय. धागा वाचनखुणेत.

---

गोलाध्यायी

सगळं ग्रीस आणि जर्मनी! आपल्याकडे बाराव्या शतकात भास्कराचार्यांनी गोलाध्यायात पृथ्वीचा परीघ ४,९६७ योजने दिला आहे. पृथ्वी गोल असून सपाट का दिसते याचं उत्तरही तिथेच आहे: परिघाचा शंभरावा भाग सरळच भासतो, माणूस पृथ्वीपुढे अगदी लहान, म्हणून त्याला सगळी जमीन सपाट वाटते. तुमच्या वहीत हे नव्हतं का?

---

अक्षांश_अठरा

@मुळाक्षर, मान्य. पण इरॅटोस्थेनिसनंतर शिष्यपरंपरा कुठे आहे? मी विषय कसा उभा राहिला ते शोधतोय, हुशार माणसं किती झाली ते नव्हे.

@गोलाध्यायी, वहीत होतं, दोन ओळी. खरं तर जास्त हवं होतं. आपल्याकडे दोन वेगळ्या वाटा दिसतात. पुराणांतला भुवनकोश, म्हणजे जंबुद्वीप, मेरू, सात द्वीपं, सात समुद्र, आणि ज्योतिषाच्या सिद्धांतग्रंथांतला गोल. भास्कराचार्य पुराणांतल्या सपाट पृथ्वीची सरळ उलटतपासणी घेतात: ती आरशासारखी सपाट असेल तर वरून फिरणारा सूर्य देवांना दिसतो तसा माणसांना सतत का दिसत नाही? पण या गोलाचा उपयोग ग्रहगणित आणि पंचांगाला झाला. कुठल्या गावात काय पिकतं, नदी कुठे वळते, ही माहिती दुसरीकडेच राहिली: तीर्थमाहात्म्यांत, दप्तरांत, बखरींत. दोन्ही एका छपराखाली आले नाहीत.

एक मात्र मला भारी आवडतं. ग्रीक शब्दाचा अर्थ पृथ्वीचं लेखन. आपला शब्द म्हणजे पृथ्वीचा गोल. आपण विषयाच्या नावातच उत्तर देऊन टाकलंय.

---

हिंगणघाटकर

आमच्या गावाचं नाव या धाग्यात येणार नाही असं वाटत असेल तर थांबा.

१८०२ मध्ये मद्रासजवळ पायारेषा मोजून विल्यम लॅम्बटनने त्रिकोणमितीय सर्वेक्षण सुरू केलं. अर्धा टन वजनाचं थिओडोलाइट, म्हणजे कोन मोजायचं यंत्र, घेऊन ही माणसं वीस वर्षं दक्षिणेतून वर सरकत आली. तंजावरला ते यंत्र देवळाच्या गोपुरावर चढवताना आदळलं आणि लॅम्बटनने तंबूत बसून ते पुन्हा नीट केलं. १८२३ च्या जानेवारीत हैदराबादहून नागपूरकडे जाताना तो आमच्या हिंगणघाटला वारला. थडगं इथेच आहे. पुढे काम एव्हरेस्टने नेलं, आणि डोंगराला नावही त्याचंच मिळालं. लॅम्बटनच्या वाट्याला वर्धा जिल्हा.

शाळेत असताना आम्हाला हे कुणी सांगितलं नाही. तिसरीला जिल्ह्याचा भूगोल होता तरी!

---

कडू_कारलं

म्हणजे भूगोलवाल्यांचा पराक्रम म्हणजे इंजिनिअर, खगोलवाले आणि प्राणिशास्त्रवाले यांनी केलेली कामं. १९४८ मध्ये हार्वर्डने भूगोलाचा विभाग बंद केला, तिथले अध्यक्ष कोनंट यांचं मतच होतं की हा विद्यापीठाचा विषय नव्हे. पाऊस हवामानवाले बघतात, खडक भूविज्ञानवाले, शहरं समाजशास्त्रवाले. उरलं काय? राजधान्या पाठ करणं.

---

तंबू_आणि_साखळी

@कडू_कारलं, कारलं कडूच, पण एक मुद्दा खरा. भारतात सर्वेक्षण खातं १७६७ पासून. जगातल्या उत्तम नकाशांत इथल्या नकाशांची गणना. मुंबईत १८३१ मध्ये जिऑग्राफिकल सोसायटी निघाली, लंडनची सोसायटी निघाल्यावर वर्षभरात. ती १८७३ मध्ये एशियाटिक सोसायटीत विलीन झाली. आणि विद्यापीठात भूगोल कधी? लाहोर, अलीगढ इथे १९२० च्या दशकात. म्हणजे शंभराहून जास्त वर्षं नकाशे आहेत आणि भूगोल शिकवणारा विभाग नाही. नकाशा ही लष्कराची चीज होती, ती मोजणारे लष्करी अधिकारी, आणि विद्यापीठं कारकून आणि वकील तयार करण्यात गुंतलेली.

अवांतर: हम्बोल्टला हिमालयात यायचं होतं. लंडनला खेटे घालूनही ईस्ट इंडिया कंपनीने परवानगी दिली नाही. दक्षिण अमेरिकेतल्या वसाहतींवर त्याने लिहिलेलं बहुधा त्यांनी वाचलं असावं. शेवटी त्याच्या शिफारशीवरून श्लागिन्टवाइट हे जर्मन बंधू १८५४ मध्ये मुंबईत उतरले. त्यातला अडॉल्फ १८५७ मध्ये काश्गरला मारला गेला.

---

खडूफळा

मी कनिष्ठ महाविद्यालयात तेवीस वर्षं भूगोल शिकवते, त्यामुळे मास्तरांचा विषय निघाल्यावर बोलणं भाग आहे.

अक्षांश, शाळेचा मुद्दा तुम्ही अर्धाच मांडलात. रिटर मुळात शाळेचंच अपत्य. लहानपणी तो ज्या शाळेत वाढला तिथे मुलांना आधी आजूबाजूचा परिसर हिंडून दाखवत. पुढे तो स्वित्झर्लंडला पेस्टालॉझी या शिक्षणतज्ज्ञाला भेटला. पेस्टालॉझीचं सांगणं साधं होतं: मुलाला आधी घराजवळचा ओढा दाखवा, मग नदी, मग देश. आपल्याकडे तिसरीला जिल्हा, चौथीला महाराष्ट्र, पुढे भारत, मग जग, हा जो क्रम होता तो याच विचाराचा. या क्रमाला मी तरी शोध म्हणेन.

दुसरं, त्या पहिल्या पिढीने एक घोटाळाही करून ठेवला. आपला विषय शास्त्र आहे हे दाखवायची घाई. मग निसर्ग हे कारण आणि माणूस हा परिणाम, असं सोपं सूत्र पकडलं. रॅटझेलची विद्यार्थिनी एलन सेंपल. लाइपझिगला बाई म्हणून तिला रीतसर प्रवेशही नव्हता, तरी जाऊन व्याख्यानं ऐकली. १९११ च्या तिच्या ग्रंथाची सुरुवातच अशी की माणूस हा भूपृष्ठाची निर्मिती आहे. डोंगरातले लोक असे, वाळवंटातले तसे. वाचायला छान, आणि गोऱ्यांच्या राज्याला फारच सोयीचं. उष्ण हवेतले लोक आळशी, हे वाक्य माझ्या लहानपणी मराठी पुस्तकांतही वाचलंय मी, विदर्भातल्या मे महिन्यात, शेतात राबणाऱ्या वडिलांशेजारी बसून. व्हिडालने याला उत्तर दिलं: निसर्ग शक्यता मांडतो, निवड माणूस करतो. परीक्षेत 'नियतिवाद व शक्यतावाद यांतील फरक स्पष्ट करा' एवढंच उरतं.

आणि कारलेबुवा, राजधान्या पाठ करणं म्हणता, तर ऐका. १९३० च्या दशकात डडली स्टॅम्पने अख्ख्या ब्रिटनचा भूमी-उपयोग नकाशा केला. शेत कुठे, कुरण कुठे, जंगल कुठे, हे वावरावावरांत जाऊन रंगवलं शाळेतल्या मुलांनी आणि शिक्षकांनी. महायुद्धात अन्नधान्य वाढवायची वेळ आली तेव्हा तेच नकाशे कामाला आले. इथे दहावीच्या पुस्तकाचा पहिलाच धडा 'क्षेत्रभेट' आहे, आणि कित्येक शाळा तो वर्गात बसून वाचून दाखवतात.

---

वाचनवेल

खडूफळा, वडिलांचं वाक्य वाचून थांबले जरा.

---

अक्षांश_अठरा

@खडूफळा, पेस्टालॉझी माझ्या वहीत नव्हताच. आभार.

@कडू_कारलं, हार्वर्डचा धसका अमेरिकेतल्या भूगोलवाल्यांनी खरंच घेतला. तोवर हार्टशोर्नचं मत चालायचं (१९३९): प्रत्येक प्रदेश आपल्यासारखा एकच, त्याचं नीट वर्णन करणं हे आपलं काम. १९५३ मध्ये शेफरने त्याच्यावर हल्ला चढवला की नियम शोधत नाही ते शास्त्र कसलं. लेख छापून येईपर्यंत शेफर वारला होता, पण ठिणगी पडली. सिएटलच्या विद्यापीठात तरुण पोरं आकडे आणि संगणक घेऊन बसली. म्हणजे व्हॅरेनियसची तीच दोन कप्प्यांची भांडणं, तीनशे वर्षांनी. पुढे डेव्हिड हार्वेने १९६९ मध्ये या शास्त्रीय पद्धतीवर जाडजूड ग्रंथ लिहिला आणि चारच वर्षांनी स्वतःच म्हणाला की शहरातली गरिबी या समीकरणांना कळत नाही. एका माणसाने चार वर्षांत अख्खा विषय उलटसुलट केला!

---

षटकोन

नगररचनेत काम करतो. ख्रिस्तालर या जर्मन भूगोलज्ञाचं नाव अजून कुणी घेतलं नाही म्हणून लिहितोय. १९३३ मध्ये दक्षिण जर्मनीतली गावं घेऊन त्याने मांडलं की बाजाराची गावं षटकोनी जाळ्यात बसतात: मीठ-मिरची जवळच्या गावात, कापड मोठ्या गावात, दागिने शहरात. आमच्या तालुक्याचे आठवडी बाजार नकाशावर मांडून पाहिले होते, षटकोन काही निघाला नाही, घाट आडवा आला. पण कुठला बाजार कुठल्या वारी भरतो, यात मात्र शेजारच्या गावांनी एकमेकांना टाळलेलं स्पष्ट दिसलं.

तोच ख्रिस्तालर पुढे नाझींनी बळकावलेल्या पोलंडमध्ये गावं कशी वसवायची याच्या आराखड्यांवर काम करत होता. आधीच्या माणसांना हाकलून, अर्थात. हे आम्हाला वर्गात सांगत नाहीत.

---

रानजाई

त्या वाटेची सुरुवात रॅटझेलपाशी. राष्ट्र हा जिवंत जीव, त्याला वाढायला जागा लागते, हे त्याचं म्हणणं. प्राणिशास्त्रातून आलेला माणूस, उपमा तिथूनच आणली. पुढे हाउसहोफर या जर्मन भूगोलज्ञाने ती उचलली, त्याचा विद्यार्थी रुडॉल्फ हेस, आणि हेसच्या मागे हिटलर, ते सर्वांना माहीत. फ्रेंच भूगोलज्ञ इव्ह लाकोस्तने १९७६ मध्ये पुस्तकाच्या नावातच सांगून टाकलं की भूगोल सर्वांत आधी कामाला येतो तो युद्धाच्या. शाळामास्तराने लढाई जिंकली, हे वाक्य त्याच अंगाने पुन्हा वाचा.

---

पिक्सेल

जीआयएसमध्ये (संगणकावरचे नकाशे) काम करणारा एक गरीब जीव. आमच्या टीममध्ये भूगोलाचे दोघं, बाकी सगळे इंजिनिअर. फरक कधी कळतो? पूररेषेचा नकाशा सॉफ्टवेअरने काढून दिला की इंजिनिअर म्हणतो झालं. भूगोलवाली विचारते, इथे नदी पन्नास वर्षांपूर्वी कुठून वाहत होती? मग सर्वेक्षण खात्याची जुनी टोपोशीट (तपशीलवार नकाशा) काढायची. २०२१ पर्यंत नकाशांच्या परवानग्यांसाठी केवढी यातायात होती ते आठवलं तरी घाम फुटतो. तंबू_आणि_साखळी म्हणतात ती लष्करी सवय दोनशे वर्षं टिकली.

---

कडू_कारलं

नदी कुठून वाहत होती, हा प्रश्न आवडला. बाकी मत कायम.

---

अक्षांश_अठरा

भाच्याचा फोन आला होता. पेपर बरा गेला. त्याला इरॅटोस्थेनिसची विहीर सांगितली, समताप रेषा सांगितल्या. दोन्ही ऐकून म्हणाला, "म्हणजे शोध लावला की तो दुसऱ्या विषयाचा होतो." मी काही बोललो नाही.

सुट्टीत त्याला लॅम्बटनचं थडगं दाखवायचं म्हणतोय. @हिंगणघाटकर, येऊ का?

---

हिंगणघाटकर

या की! मे सोडून कधीही. खडूफळाताईंच्या वडिलांचं वाक्य लक्षात आहे ना?

---

तंबू_आणि_साखळी

जुन्या क्रमांकांत हिंगणघाटची टोपोशीट ५५ एल/१४. पोराच्या हातात ती द्या आणि गाव त्यालाच शोधू द्या. थडगं दाखवलंय का तेही बघा.

---

हिंगणघाटकर

नसेल तर पेन्सिलीने काढू.